हवा

उद्यमनगरात इंजिन म्हटलं की डिझेलचा वास येतो.
माझ्या इंजिनाला वास नाही.
दोन वर्षं जागून लिहिलेल्या आठ हजार ओळी,
घोडा कुठं टाकावा एवढंच त्याला कळतं.

पट दुसऱ्याचा. सागवानी रंगाचा, देखणा,
बाजूला दोन घड्याळं.
तो विचारतो, तयार आहेस का?
आणि थांबतो.
काळ्या खिडकीत एकटं असलं की इंजिन घडाघडा बोलतं,
पटाला जोडलं की मुकं.
पांढऱ्याचं घड्याळ पळतंय नुसतं.

खालचा लेथ बंद करून दस्तगीरचाचा वर आले,
हातात कॉटन वेस्ट.
शिरोळपासून कागलपर्यंत
चाळीस वर्षं इंजिनांना पंप जोडलेला माणूस.
प्याद्याची चाल त्यांना ठाऊक नाही.

"इंजिन फिरतंय न्हवं?"
फिरतंय.
"पंप बी धड हाय?"
धड आहे.
"मग मधी काय हाय?"
पाइप. म्हणजे, दिसत नाही, पण पाइपच.
"हवा धरली असंल की. ढकलून बघ एकदा."

मी हसलो.
मग हसणं थांबलं.
इंजिन केव्हापासून उत्तर देतच होतं,
पाइपाच्या तोंडाशी साचून राहिलेलं.
एकच ओळ घातली:
साठवू नकोस, सोड.

पटावर घोडा उठला, प्याद्यांवरून पलीकडं.

चाचा वाकून बघत राहिले.
"सगळी सरळ जात्यात, ह्योच का वाकडा?"
त्याचं उत्तर
मला अजून नीट देता आलेलं नाही.