एकच घर

निपाणीच्या तंबाखू वखारीत
काट्यावरचा इराप्पा हुक्केरी
रिकाम्या पोत्यावर खडूनं पट आखायचा.
एक प्यादं हरवलेलं. तिथं सुपारी.

मी म्हणायचे घोडा, तो कुदुरे.
मी हत्ती, तो आने.
उंट, ओंटे: तिथं भांडण नव्हतंच.

त्याचं प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चाले.
"दोन घरं फिरंग्यांची," म्हणायचा.
"पट आपल्याकडनं गेला, इराणात शहा शिकला,
कुठं कुठं हिंडला,
आणि परत आला तो घाई घेऊन."

वखारीला टाळं लागलं त्या सांजेला
सुपारीनंच मात केली मला. प्यादीमात!
मग अडकित्त्यानं ती कातरून
अर्धी माझ्या तळव्यावर ठेवली:
"तगो."

आज वीस जुलै, बुद्धिबळाचा दिवस.
मोबाईलवर देशोदेशीचे पट उघडलेत.
समोर कुठल्याशा बर्फाळ गावचा पोरगा,
नाव मला वाचता येत नाही.

मी प्यादं सरकवते,
एकच घर.

तो थांबतो.
त्याचं घड्याळ गळत राहतं.
काहीतरी खोल डाव असणार,
असं वाटत असेल बिचाऱ्याला.