रंगाचा रकाना

मेकनच्या वाचनालयाचं तळघर थंड असायचं,
जॉर्जियाचा ऑगस्ट वरच्या पायरीवरच थांबायचा.
मी फिती फिरवायचे, जुन्या शिरगणतीच्या.
नाव, वय, वाचता येतं का, घर कुणाचं,
आणि मध्येच एक अरुंद रकाना : रंग.
जेमतेम दोन अक्षरांची जागा.

व्हर्लीन टॉलिव्हर माझ्या शेजारी बसायची.
लहानपणी तिला या दारातून आत येता येत नव्हतं,
आता दाराची किल्ली तिच्याकडे.
सव्वीस वर्षं ती लोकांना त्यांचे पूर्वज काढून देत होती,
स्वतःचं पान तिनं कधी उघडलं नव्हतं.

एका गुरुवारी, उकडलेल्या शेंगा सोलता सोलता,
(शेंगा इथेही उकडतात, मीठ मात्र फार घालतात)
ती म्हणाली, "बघ जरा. इझाया टॉलिव्हर. सुतार. माझे आजोबा."

सापडले.
एकोणीसशे दहा : एम-यू. म्हणजे मिश्र.
एकोणीसशे वीस : बी. म्हणजे काळा.
तोच माणूस, तोच रस्ता, तीच बायको कोरा.
दहा वर्षांत फक्त दारात उभा राहून विचारणारा बदलला होता.
"उन्हात छपरं शाकारायचे ना," व्हर्लीन म्हणाली, "रापले असतील."
आम्ही इतक्या हसलो
की वरून कुणीतरी दार लावून घेतलं.

मग तिनं दुसरं नाव सांगितलं, जरा खालच्या आवाजात.
एम्री. आजोबांचा पाठचा भाऊ.
घरात त्याला कुणी मेला म्हणत नसत. गेला म्हणत.

ओहायोच्या फिती यायला तीन आठवडे लागले.
टोलेडो. ट्रामवर कंडक्टर. आडनावातला एक ल गाळलेला.
आईचं जन्मस्थान : पोर्तुगाल.
रंग : डब्ल्यू.

व्हर्लीननं पडद्याला हात लावला नाही.
शेंगांची टरफलं कागदात गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.
"आजी दर नाताळला एक ताट जास्त मांडायची," ती म्हणाली.
"आम्हाला वाटायचं, येशूचं."

मी गप्प.
मला बोलायला होतं, म्हणूनच.

माझं आडनाव वडिलांनी राजपत्रात दोन ओळी छापून आणलेलं,
एका गावाला 'कर' जोडून. त्या गावी आमचं कुणी नाही.
नाशिकला बदली झाली तेव्हाची गोष्ट.
घरमालकीण विचारायची, "कुठले तुम्ही?"
आई गावाचं नाव सांगायची.
प्रश्न गावाचा नसायचा.
काकांनी जुनंच आडनाव ठेवलं.
माझ्या लग्नात ते मागच्या रांगेत बसले,
वडिलांच्या ऑफिसातले म्हणून जेवले,
आहेराच्या पाकिटावर नाव न घालता गेले.

इथे फॉर्मवर माझ्यासाठी एक चौकोन आहे,
त्यात आम्ही सगळे भारतीय, एका खुणेत मावतो.
पण अटलांटाच्या मंडळात, गणपतीला,
हातात प्रसादाची वाटी देता देता
कुणीतरी गोड हसून विचारतंच :
"कुठले तुम्ही?"

हे सगळं त्या दिवशी व्हर्लीनला सांगितलं,
तुटक, उलटसुलट, आहेराचं पाकीट आधी.
ती सांत्वन वगैरे करणारी नव्हे.
"म्हणजे तुझे वडील एम्री," ती म्हणाली.
हे मला लागलं. तिला कळलं, तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.
"आणि काका? ते काय लावायचे?"

मी सांगितलं.
एकवीस वर्षांनी ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं,
आणि तळघरात काहीही झालं नाही.
पंखा फिरत राहिला.

तिनं म्हणून बघितलं. चुकलं.
मी सुधारलं. परत चुकलं, ळ तिच्या जिभेवर बसेना.
तिसऱ्यांदा बरोबर आलं,
काका फोन उचलून म्हणायचे तसं, ठणठणीत.

मी उठले,
आणि टोलेडोची फीत उलटी गुंडाळायला लागले.