कानाची गाडी

वर्षातून एकदा कंपनीच्या गेटशी कानाची गाडी येते.
आत काचेची खोली, एका माणसापुरती,
हेडफोन, आणि हातात द्यायला एक बटण.
आवाज आला की दाबायचं.
भोसरीत बावीस वर्षं प्रेस शॉपवर काढलेला मी
गेली चार वर्षं
तपासणाऱ्या पोराच्या कोपराकडे बघतो.
कोपर हललं की दाबतो.
रिपोर्ट : नॉर्मल.

कुणाला सांगणार?
फ्लॅटचे हप्ते अजून एकोणसाठ,
आणि ‘अनफिट’ हा शब्द
मला अजूनही स्वच्छ ऐकू येतो.

शिमगा झाल्यावर लाइनला वैजयंता डोळस आली.
जन्मापासून बहिरी, आणि आडनाव हे असं.
एचआरच्या मॅडमनी फुलं दिली, फोटो काढला,
मला म्हणाल्या, पठारे, जरा सांभाळून घ्या.
मला तरी कुणी घेतलं होतं सांभाळून?
मी तिला पॅकिंगला बसवलं, भिंतीकडे तोंड करून,
म्हणजे लक्ष लागेल.

मे महिन्यात गाडी आली.
तिलाही रांगेत उभं केलं.
नियम म्हणजे नियम.
माझ्यामागे तीच होती,
हसू दाबत.

तिने सगळ्यांना खुणेची नावं दिली.
कॅन्टीनचा मोहिते : नाकाखाली दोन बोटं, मिशी.
स्टोअरचा बागवान : कपाळावर चष्मा.
मी : उजव्या कोपरावर टिचकी.
तिथे डाग आहे माझ्या, जुन्या भाजल्याचा.
मला वाटलं, त्यावरून.

मग ते आगीचं ड्रिल.
भोंगा झाला. झाला असणार.
मी पाठी बघितल्या, पाठी निघाल्या, मी निघालो.
बाहेर शेवग्याखाली मोजणी : सव्वीस.
पुन्हा मोजा. सव्वीस.
सत्तावीसावी आत होती,
रिकाम्या शॉपमध्ये
टेप ओढत, खोका बंद करत, टेप ओढत.

मला बघून तिने पॅकिंग स्लिपवर लिहिलं :
खरी आग असती तर?
आणि स्लिप माझ्या खिशात कोंबली,
बटण तुटेल इतक्या जोरात.
दोन दिवस माझ्या चहाला हात लावला नाही.
बरोबर केलं.

फिरता लाल दिवा, भोंग्याला जोडलेला, नग चार.
तिची बैठक भिंतीकडून दाराकडे.
मेंटेनन्सवाले म्हणाले, एकीसाठी चार दिवे?
फॉर्म आणला. त्यात रकाना होता :
किती कामगारांना उपयोग?
मी ‘एक’ लिहिलं.
पेन तसंच धरून बसलो.
प्रेस चालू होत्या, पायांतून कळत होतं.
मग ‘एक’ खोडून ‘दोन’ लिहिलं
आणि सही केली. पूर्ण नावाने.

ती शेजारीच उभी होती.
आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि कोपरावर टिचकी मारली.
माझ्या नाही, स्वतःच्या.
मग अंगठ्याने हवेतलं बटण दाबलं.

काचेला पडदा नसतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.
अख्ख्या वर्षाचं माझं नाव
डागावरून नव्हतं.

आता दिवा फिरतो. चहाला, जेवणाला, सुट्टीला.
पाच नंबरचा मुंढे परवा हळूच म्हणाला,
बरं झालं साहेब, मलाही तो भोंगा
हल्ली जरा लांबूनच…
मी म्हटलं, मोठ्याने बोल.
तो हसला. मी हसलो नव्हतो.

आज गाडी आली आहे.
हप्ते सत्तेचाळीस.
फॉर्मचं पुढे काय होईल, मॅडम माहीत नाही म्हणाल्या,
निदान खरं म्हणाल्या.
काचेबाहेर वैजयंता, तिच्यामागे मुंढे.
पोराने हेडफोन चढवला. कोपर उचललं.

मी डोळे मिटले.