कपाटातली धुरी

लकडगंजात सातच्या आधी जावं.
आरायंत्रं सुरू झाली की नाक कामाचं राहत नाही,
सगळीकडे एकच भुसा, एकच सागवानी खोकला.
डेकाटेंच्या टालीवर मी आधी लाकूड वाजवते,
मग नखानं साल खरवडते, मग हुंगते.
"पोट्टी लाकूड पाहायले आली का सोयरिकीले?"
डेकाटे दर खेपेला हेच म्हणतात,
मी दर खेपेला दोन किलो वर घालून घेते.

बाभूळ घेतेच, तिच्याशिवाय आच धरत नाही.
पण बाभळीचा धूर म्हणजे शेजारणीचं भांडण,
दार लावलं तरी आत येऊन बसतो;
बोकडाच्या मांडीला चालतो, कोंबडीला सोसत नाही.
चिंच उशिरा पेटते, उशिरा विझते,
तिची चव घास गिळल्यावर कळते,
पाणी प्यायच्या जरा अगोदर.
पळस नको. नुसता भडका.
कडुनिंब एकदाच घातला होता,
गिऱ्हाईक म्हणालं, ताई, हे जेवणाआधी घ्यायचं का नंतर?

मोह मी मागत नाही.
भिवापूरकडून कधी वादळात मोडलेली फांदी आली
तर डेकाटे पोत्याखाली झाकून ठेवतात.
तिचा धूर निळा, थोडा झिंगलेला,
मांसावर बसतो आणि उठायचं विसरतो.

आणि संत्रा.
काटोलकडच्या म्हाताऱ्या बागा निघाल्या की येतो,
मनगटाएवढा, पिवळ्या गाभ्याचा.
लोकांना वाटतं धुराला फळाचा वास येईल.
येत नाही.
फळ खाऊन झाल्यावर बोटांना जो राहतो,
सालीचा, किंचित कडसर, तो येतो.
डिंक धरलेला तुकडा मात्र बाजूला काढायचा,
त्याचा धूर जिभेला चिकटतो.
वाळवायला आमचा एक मे महिना पुरे,
तो लाकडातलं पाणी नेतो
आणि माणसातलंही.

पाचपावलीत मागच्या अंगणात
आईचं लोखंडी कपाट उभं आहे.
तीन दिवस रिकामंच जाळलं, हिरवा रंग पार सुटेपर्यंत.
पातळं टांगायची त्याच दांडीला
आता मसाला चोळलेलं मटण टांगते.
आरसा काढला. कडी तीच.
लॉकरमध्ये मिठाची बरणी असते.

दिवाळीच्या आधी डेकाटे म्हणाले,
"हे घेऊन जाय. शिसवी आहे,
असं वाळलेलं तुले कुठी भेटत नाही."
चौकटी, दांडे, एक घासून गुळगुळीत झालेली पट्टी.
ओळखलं नाही असं नाही.
धोटा ज्या वाटेनं धावतो ती वाट
बोटाला लगेच लागते.
कोणाचा माग, ते विचारलं नाही.
तीनशे रुपये दिले, ऑटोत घातला.

जळाला देखणा. ना ठिणगी, ना तडतड,
सहा तास एकसारखी आच.
पण मटणाला खळीचा वास आला,
तांदळाच्या खळीचा, मागाला घालायच्या तेलाचा,
आणि आणखी कशाचा तरी,
सुतळीसारखा, घशाशी अडकणारा.
गोळीबार चौकातली चार पार्सलं रात्रीच परत आली.
"आज काय टाकलं व?"
पैसे मोजून दिले.

उरलेलं घरी.
बाबांना वाढलं, सांगितलं काही नाही.
सत्तावीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
आता खुर्चीत बसून टीव्हीचा आवाज कमी-जास्त करतो.
त्यांनी पहिला तुकडा तोंडात तसाच धरून ठेवला.
टेबलाखाली उजवा पाय एकदा खाली गेला,
पावडी दाबल्यासारखा,
मग डावा.
"लाकूड ओलं होतं तुयं," म्हणाले
आणि ताट पुढे केलं.

मी वाजवून आणलं होतं.
बोलले नाही.
वाढलं.