ओ

यंत्र हाक मारतंय, डॉक्टर म्हणाले,
काळीज ओ देत नाही.
आधी कन्नडात म्हणाले, मग मराठीत,
मग पट्टीवर बोट ठेवून:
ही हाक. हितं काहीच नाही.

बॅटरी नवी, तार जागेवर.
पण मूत्रपिंडं थकलीत,
दाबाची गोळी बदललेली,
रक्तात पोटॅशियम चढलंय.
आणि खानापूर स्टँडवरचं रोज एक शहाळं,
थंड म्हणून,
मीच आणून पाजलेलं.

दुपारपासनं बेळगावच्या त्या खोलीत
डायलिसिस चालू.
दिवेलागणीला पट्टीवर हाकेमागं
एक उंचवटा आला, उशिरानं,
कौलांच्या भट्टीवरनं तुम्ही जेवायला यायचा
तसा.
मग आणखी एक.

नर्सनं विचारलं, ऊटा आयता, भरमाण्णा?
डोळे मिटलेलेच.
हूं, तुम्ही म्हणालात,
कुठल्या भाषेत, कळलं नाही.