नागडी मालकी

नोटरीसाहेबांनी अकरा पानं एका दमात वाचली,
स्टेशनात गाड्यांची घोषणा करावी तशी.
दुभाषी मुलगी चौथ्या पानावरच मागे पडली.
एक शब्द मात्र तिच्याआधी मलाच कळला: नुदा.
आमच्या ग्वायाकिलकडेही कायद्याच्या कागदात
मालकी अशीच नागडी असते.

म्हणजे असं, की घर माझं.
राहणार मात्र सिन्योरा एर्सिलिया,
जीव आहे तोवर.
माझ्याकडे भिंती, छपराची गळती
आणि कागदावर नाव, नार्सिसा,
एकदा चुकवून मग दुरुस्त केलेलं.
तिच्याकडे किल्ली.

किमतीचा एक तक्ता असतो.
डावीकडे वय, उजवीकडे टक्के.
ती एक्याऐंशीची. दलाल म्हणाला,
दहा वर्षांपूर्वी आला असतात तर स्वस्तात पडलं असतं,
पण मग वाटही तेवढी जास्त बघावी लागली असती.
कसली वाट, ते कुणी विचारलं नाही.
सिन्योरा माझ्या शेजारीच बसलेली.
पर्स उघडून तिनं बडीशेपेची गोळी काढली
आणि मला दिली.

एकोणीस वर्षं मी या शहरात म्हातारी माणसं सांभाळली.
जेनोआचे जिने माझ्या गुडघ्यांना तोंडपाठ आहेत.
कुणाला भरवलं, कुणाला पुसलं,
एकाला त्याच्याच मुलांची नावं रोज नव्यानं शिकवली.
त्यांच्याच घरात झोपले, स्वयंपाकघराला लागून,
आणि ती गेली की आठवड्याच्या आत बॅग भरली.
दर मरणाबरोबर माझं एक घर गेलं.
आता पहिल्यांदाच
एका मरणानं मला घर मिळायचंय.

हे मी बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही.

संध्याकाळी कामावरून सुटले की
बस सोडून त्या गल्लीतून उगाच चालत जाते.
पाचवा मजला, हिरव्या झडपा.
उघड्या दिसल्या की हायसं वाटतं.
हायसं वाटलं की बँकेचा हप्ता आठवतो.
मग माझी मलाच लाज वाटते
आणि मी कोपऱ्यावर गरम फारिनाता घेते,
चण्याच्या पिठाचा तो पातळ पोळा,
मिरपूड जास्त घालून, उभ्या-उभ्या खाते.

नोव्हेंबरात झडपा दोन दिवस बंद.
खालच्या त्राव्हेर्सोकडे जादा किल्ली होती.
ती फिरली, पण दार हलेना.
आतून बारीक आवाज आला:
"आधी वर उचल. मग ढकल."

ओठ सुकलेले, अंगात ताप.
माझे हात विचारायला थांबले नाहीत.
उशी उंच केली, चमच्याचमच्यानं पाणी, नाडी, फोन.
डॉक्टरनं विचारलं, तुम्ही हिच्या कोण?
काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, मालकीण.
तिला खोकल्यातून हसू फुटलं.
"घराची," ती म्हणाली. "माझी नाही."

नऊ रात्री मी तिथं होते.
ज्यांना जगवायचा पगार मिळाला
त्यांच्यासाठी इतकी जागले नव्हते.

दहाव्या दिवशी ती भिंत धरत न्हाणीघरापर्यंत आली.
म्हणाली, टबाच्या कडेवर उभी राहा, चपला काढून.
आता त्या वरच्या झरोक्यातून बघ.
बंदराच्या क्रेन, कुणाची तरी वाळत घातलेली चादर,
आणि दोघींच्या मधून
बोटभर समुद्र.
"हा कागदात लिहिलेला नाही," ती खालून म्हणाली,
"नोटरीला सांगायचं राहिलं."
एक पांढरी बोट त्या बोटभर पाण्यातून
बराच वेळ सरकत होती.
पुरती जाईपर्यंत मी बघत राहिले.
खाली तिनं माझा घोटा धरून ठेवला होता,
दोन्ही हातांनी.