परकराचा खिसा

कॅम्पातल्या दुकानात कैतान बार्देस्करनं
काचेवर हिरवा पंचा अंथरला
आणि तीन मांडली,
मी जशी आठवडी बाजारात वांगी निवडायला आलेय.
"उचलून बघा बाई. हात सांगतो."

पहिलं लांब नळीचं.
हात म्हणाला, हे कुणा इनामदाराचं, मिशीसकट.
दुसऱ्याचा घोडा अंगठ्याला हलेना.
तिसरं आखूड, काळं, सहा घरांचं,
अर्धा किलो आणि वर थोडं.
"घोड्याचं टोक घासलंय बघा," तो म्हणाला,
"उपसताना कापडात अडकत नाही."
तो विजारीच्या खिशाबद्दल बोलत होता.
मी माझ्या निऱ्यांकडं बघितलं.

आमच्यात पाणी अजून गाळून पितात.
दिवस मावळायच्या आत चूल विझते.
आईनं आयुष्यभर झुरळं सुपलीत घेऊन
परसात सोडली, हळूच,
पावण्याला एसटीत बसवून द्यावं तशी.
तिला अजून सांगितलेलं नाही.

तवंदीच्या घाटात, पौषात,
वखारीतल्या बायकांची आठवड्याची मजुरी
माझ्या मांडीवर होती.
मोटरसायकलवर दोघं. कोयता गळ्यापाशी,
थंड, ओला, नुकताच ऊस तोडून आणल्यासारखा.
ठाण्यात चारदा विचारलं:
ते मराठीत बोलले का कन्नडात?
गल्लीतही सगळ्यांना तेवढंच हवं होतं.
एक म्हणाला "गप", दुसरा म्हणाला "सुम्नीर".
घ्या लिहून.
फौजदारानं दोन्ही लिहिलं,
मग दोन्ही खोडलं.

परवान्याचा अर्ज कन्नडात, सही माझी मराठीत,
त्रिशला आदगोंडा चौगुले.
कारणाच्या रकान्यात जागा एका ओळीची.
जीविताचं रक्षण, असं मी सांगितलं.
कारकुनानं मान वर केली:
"यार जीवा री?"
कुणाचा जीव.
साधाच प्रश्न होता, त्याला रकाना भरायचा होता.
मला दोन्ही भाषांत उत्तर आलं नाही.

मग खडेबाजारात हसनसाब नालबंदाकडं.
परकराला खिसा हवा, म्हटलं, उजवीकडं, खोल.
"मोबाईल?"
हो.
"वजन किती मोबाईलचं?"
मी सांगितलं.
त्यानं टेप गळ्यात परत टाकली.
"तेवढं माप घेऊन या. वर एक आडकित्ता घाला.
चालून बघितल्याशिवाय कापड कळत नाही."

वखारीतून अर्धा किलोचं लोखंडी माप नेलं.
त्यानं कच्चा टाका घातला,
पुढच्या बोळात मला तीन फेऱ्या मारायला लावल्या.
नाडी उजवीकडं ओढली जाते, तो म्हणाला,
चाल बदलते, लोकांना चालीवरून कळतं.
इंचभर रुंद पट्टा लावू.
खिशाचं तोंड तिरपं. आत दोसुती,
लोखंड घामानं गंजतं.
सगळं सुई तोंडात धरून.
मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक?
"एका मास्तरणीचा शिवलाय. कोर्टातल्या एका बाईंचा.
एकीचं तर लग्न होतं त्या आठवड्यात.
सगळ्या मोबाईलच म्हणतात."

बार्देस्करनं माझं नाव लिहून
तिसरं बाजूला ठेवलंय.
दोनदा फोन आला. दोनदा म्हटलं, येते.

पक्का शिवलेला परकर मात्र मी नेसते,
आत ते माप.
आडकित्ता काढला, सासूला लागतो.
घाटात बस वळली की हात आपोआप जातो,
उपसायला किती वेळ लागतो ते मोजते,
एक, दोन, पदर, तीन,
आणि हातात येतं वजनाचं माप.

स्तवनिधीला उतरले परवा.
लोखंडच तर आहे, किराणा दुकानातसुद्धा असतं,
तरी पायरीवरनंच हात जोडले,
आत गेले नाही.

वखारीत तोलणारा भरमू
मापांची उतरंड लावताना रोज थांबतो.
"अक्का, अर्धा कुठं गेला?"
सापडेल, म्हणते.
तो दोन पावशेर एकत्र ठेवतो
आणि काम चालू करतो.